एकोणचाळीस राण्या

निझव्याच्या बाजारात दर शुक्रवारी सकाळी लिलाव असायचा. आधी बकऱ्यांचा, मग चांदीचा. दलाल खमीस हातातले तोडे नाहीतर खंजिराचं म्यान उंच धरून गोल फेऱ्या मारायचा, भाव ओरडायचा, आणि भिंतीला टेकून बसलेले पुरुष रियाल-रियालने भाव चढवायचे. बायका मागे उभ्या. त्यांना काही हवं असलं तर त्या नवऱ्याला नाहीतर भावाला कोपरानं ढोसायच्या.

झुवैनाला ढोसायला कुणी नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ झालं नव्हतं, आणि धाकटा भाऊ हमूद सरकारी कचेरीत लागल्यापासून त्याला बाजारात येणं कमीपणाचं वाटायचं. म्हणून ती स्वतःच बोलली.

"सतरा."

खमीस तिच्यासमोरून सरळ पुढे गेला. "सोळा! जोडीचे वाळे, सोळा रियाल! कोण वाढवतंय?"

"सतरा म्हटलं मी."

"सोळा!"

तिसऱ्या फेरीला झुवैना पुढे आली ती थेट त्याच्या वाटेत उभी राहिली. "खमीस, कान घरी ठेवून आलास का रे?"

बसलेल्या पुरुषांत हशा पिकला. खमीस वरमला. "झहरानच्या लेकी, बाईमाणसाची बोली मी धरू कशी? उद्या तू नाही म्हणालीस तर कुणाच्या दारात जाऊ?"

"माझ्याच. दार तुला ठाऊक आहे. तुझ्या बायकोचे लग्नातले तोडे माझ्या बापानं त्याच दारात बसून घडवले." तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि सतरा नोटा त्याच्या पंजावर ठेवल्या. "हे धर. आता नाही म्हणायचं असेल तर तू म्हण, सगळ्यांसमोर."

खमीसनं वाळे दिले. त्या दिवसापासून बाजारात तिला नाव पडलं, 'पुरुषी झुवैना'. ते तिच्या कानावर गेलं, तेव्हा ती म्हणाली, "पुरुषी कशाला? पुरुषांना तर चांदी कळत नाही."

यात फुशारकी नव्हती. बाप झहरान निझव्यातला नावाजलेला चांदीकारागीर. लहानपणी भात्याजवळ बसून ती नाणी दगडावर आपटायची आणि आवाजावरून हीणकस कोणतं ते सांगायची. बाप गेला तेव्हा वाटणीत तिच्या वाट्याला खजुराची अकरा झाडं येत होती. तिनं झाडं घेतली नाहीत. म्हणाली, "झाडांना पाणी लागतं, आणि पाटाच्या पाण्याची पाळी हमूदच्या हातात. मला चांदी द्या आणि दुकानाची खोली द्या." नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. चांदी काय खायची आहे का? झुवैनानं लगडी मोजून घेतल्या आणि बंद दुकानामागच्या खोलीत राहायला गेली.

मग नवे कागदी रियाल आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेली चांदीची फ्रान्सी नाणी लोकांना जड वाटू लागली. भरल्या अंगाची, डोईवर पदर घेतलेली परदेशी राणी एका बाजूला आणि दोन डोक्यांचा गरुड दुसऱ्या बाजूला, असं ते मोठं वाटोळं नाणं. लोक पोत्यातून आणून विकत होते. झुवैना माळा ओवून, ओढण्यांना काठ लावून जे मिळवायची त्यातून विकत घेत गेली. सगळ्या नाण्यांवर साल एकच, सतराशे ऐंशी. राणी त्या साली वारली आणि पुढे दोनशे वर्षं कुठल्या कुठल्या टांकसाळी तेच साल छापत राहिल्या. लोकांना सगळी सारखी दिसत. झुवैनाला दिसत नसत. कुठे राणीच्या खांद्यावरच्या पिनेत मोती जास्त, कुठे गरुडाच्या शेपटीचं पीस वाकडं. असं वेगळं दिसलं की ती ते नाणं लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून बाजूला काढायची. त्यातलं एक मुंबईच्या टांकसाळीतलं आहे, असं तिला मत्र्ह्याच्या बंदरातल्या एका गुजराती सराफानं सांगितलं होतं. अशी वेगळी तिच्याकडे तेवीस झाली होती.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात चांदी पेटली. रोज रेडिओवर भाव, रोज कालच्यापेक्षा वर. आणि मत्र्ह्याहून मर्हून नावाचा व्यापारी मोठी जीप घेऊन आला. बाजाराच्या वेशीशी त्यानं चटई टाकली, तराजू मांडला, आणि गावात सांगावा धाडला की जुनी चांदी आणा, रोख घेऊन जा.

बायका आल्या. हातातली काटेरी कडी, पायातले वाळे, गळ्यातल्या साखळ्या. मर्हून सगळं एका पारड्यात ओतायचा, दुसऱ्यात वजनं टाकायचा आणि नोटा द्यायचा. पोती भरत होती.

झुवैना तिथून जात होती तेव्हा शेजारची रय्या खाला पारड्यात आपला हिर्झ ठेवत होती. छातीवर रुळणारी ती चांदीची पेटी, तिच्यावर बारीक दाण्यांचं काम. झुवैनानं ती पेटी लगेच ओळखली. तिच्या बापानं त्या दाण्यांसाठी दीड महिना डोळे फोडले होते.

"खाला, हे काय करतेयस?"

"विहिरीला पंप बसवायचाय गं. पाणी खाली गेलंय." रय्या खाला तिच्याकडे बघत नव्हती.

झुवैना मर्हूनकडे वळली. "या कामाचे किती देतोस?"

"कामाचे?" मर्हून हसला. चांगला गोरापान, अत्तर लावलेला माणूस. "बाई, हे मुशीत जाणार. मुशीत काम विरघळतं, चांदी उरते. मी उरतं त्याचे देतो."

"खाला, थांब. आठ दिवस थांब."

"आठ दिवसांत झाडं वाळतील," रय्या खाला म्हणाली आणि नोटा घेऊन निघून गेली. पंपाचे पैसे त्या दिवशी झुवैनाकडेही नव्हते. जे होतं ते सगळं लगडी आणि नाणी होतं.

संध्याकाळी हमूद आला. कॉफीचा पहिला पेला संपायच्या आत मुद्द्यावर आला. "मर्हून मला भेटला होता. म्हणतो, तुझ्या बहिणीकडे आख्ख्या बाजारात नाही एवढा माल आहे. विकून टाक. त्यात नवी पिकअप येईल, झुवैना! मी चालवीन, तू पुढे बस."

"मला कुठे जायचंय?"

"तू बाजारात उभी राहून त्याच्याशी भांडलीस. कचेरीत मला विचारतात, तुझ्या बहिणीला आवरत का नाहीस?"

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार?"

"सांगायचं, आवरायला आवाक्यात यावी लागते." तिनं त्याच्यापुढे खजूर सरकवले. "खा. आणि कुणाच्या पिकअपमध्ये बसायचं ते मी ठरवीन."

हमूद रागानं गेला. झुवैना मात्र विचारात पडली. गेले चार दिवस तिनं वेशीवर पाहिलं होतं की, लोक आजोबांचे खंजीर घेऊन येतायत, कुणी नवरीच्या अंगावरून उतरवून आणतंय. भाव असा चढला की लोक घरातलं शेवटचं किडूकमिडूक काढतात, आणि सगळ्यांनी सगळं काढलं की घेणारा कोण उरणार? बाप लगडीला कधी जीव लावत नसे. म्हणायचा, लगड म्हणजे नुसता धातू, ती धरून बसायला तिच्यात आहे काय? झुवैनानं तेवीस नाणी आणि सगळे दागिने बाजूला ठेवले. लगडी आणि बाकीची साधी नाणी दोन गोणींत भरली आणि जानेवारीतल्या एका सकाळी शेजाऱ्याच्या गाढवावर लादून वेशीवर नेली.

गर्दी जमली. "वाकली!" कुणीतरी म्हणालं. "वाकली झहरानची लेक!"

मर्हून उठून उभा राहिला. "या, या! शेवटी शहाणपण सुचलं म्हणायचं."

"सुचलं. तुझं किलोचं वजन पारड्यात ठेव."

"माल आधी..."

"वजन आधी." तिनं गोणीतून मूठभर नाणी काढली. "खमीस, ये इकडे. तुझा गळा मोठा आहे. मी टाकते, तू मोज."

निझव्यात साठी उलटलेल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं की पूर्वी बाजारात काळी मिरी आणि केशरसुद्धा याच नाण्यांच्या भारानं तोललं जायचं. एका किलोला छत्तीस राण्या पुरून उरतात. झुवैनानं एकेक नाणं रिकाम्या पारड्यात टाकायला सुरुवात केली आणि खमीस मोठ्यानं मोजू लागला. पस्तीस झाली. छत्तीस झाली. पारडं हललं नाही. सदतीस. अडतीस. म्हातारे पुढे सरकले. एकोणचाळिसावी राणी पडली तेव्हा कुठे दांडा सरळ झाला.

मग मागून रय्या खालाचा आवाज आला, "म्हणजे माझा हिर्झ..."

"तुझा, आणि इथल्या प्रत्येकीचा," झुवैना म्हणाली. "प्रत्येक किलोला तीन राण्या या माणसाच्या खिशात गेल्यात. मर्हून, काजींकडे जाऊ या की इथेच फेडतोस?"

"वजनं मी मत्र्ह्यात विकत घेतली, मला काय माहीत..."

"आता माहीत झालं ना!"

मर्हूननं इकडे तिकडे बघितलं. जीपच्या वाटेत माणसं उभी होती. दुपारपर्यंत तो बसून प्रत्येक बाईला फरक देत होता आणि खमीस शेजारी उभा राहून नावं पुकारत होता, अगदी लिलावाच्या सुरात. सगळ्यात शेवटी झुवैनानं आपला माल छत्तीस राण्यांच्या किलोनं तोलून विकला, त्या दिवशीच्या रेडिओच्या भावानं, रियालचा एक बैसाही कमी न करता.

तरी लोक म्हणालेच. "एवढा तमाशा केला आणि विकलीच की!" हमूद तर दारात येऊन म्हणाला, "मला नाही म्हणालीस आणि त्याला विकलीस?"

"तुला कुठे चांदी हवी होती? तुला पिकअप हवी होती."

मार्चअखेरीस भाव कोसळला. दोन दिवसांत एवढा की रेडिओवाला चुकून वाचतोय असं लोकांना वाटलं. मर्हूननं आणखी चढेल या आशेनं निझव्याची पोती आटवली नव्हती, विकलीही नव्हती. आता मत्र्ह्यातले सावकार त्याच्या दारात बसले. एका शुक्रवारी तो तीन पोती घेऊन लिलावाला आला. अत्तराचा वास तसाच होता, गाल मात्र बसले होते.

खमीस फेऱ्या मारून थकला. तीच चांदी, दोन महिन्यांपूर्वी जिच्यासाठी रांगा लागत होत्या, तिच्याकडे कुणी बघेना.

"तिन्ही पोती," झुवैना म्हणाली. "आजच्या धातूच्या भावानं."

"हिला नाही!" मर्हून ओरडला. "हिला सोडून कुणालाही."

"बरं," म्हणत झुवैना सावलीत जाऊन बसली. तिनं सोबत भाकर आणि ताक आणलं होतं, ते खाल्लं. खमीस आणखी चार फेऱ्या फिरला. दुपारची अजान झाली, नमाज झाली, बाजार पांगला. शेवटी मर्हून स्वतः तिच्यापाशी आला. मान खाली होती.

"घे."

"लिलावात म्हण. खमीसच्या तोंडून."

रिकाम्या बाजारात खमीसनं बेंबीच्या देठापासून ओरडून झहरानच्या लेकीची बोली धरली.

दुसऱ्या दिवशी झुवैनानं अंगणात चादरी अंथरून सगळं मांडलं आणि निरोप धाडला: ज्यांचं त्यांनी ओळखून न्यावं, मला जे पडलं तेवढंच द्यावं. तिला वाटलं होतं बायका धावत येतील. निम्म्या आल्याच नाहीत. एक आली ती म्हणाली, "मला नको गं ते. जड पडतं. मी फ्रिज घेतला, आता मुलगा सोन्याचं करणार आहे." झुवैनाला ते फार लागलं. त्या बाईचे वाळे उचलून तिनं ओढणीनं पुसले. मग म्हणाली, "ठीक आहे. तुला नको तर मला हवेत," आणि ते आपल्या पेटीत ठेवले.

रय्या खाला शेवटी आली. हिर्झ उचलला, गालाला लावला, परत ठेवला. "पैसे पंपात गेले."

"ने गं. कोण मागतंय?"

"फुकट नेणार नाही. दोन हंगाम खजूर देईन. आणि तू मोजून घ्यायचेस."

"घेईन. आणि खराब निघाले तर परत पाठवीन," झुवैना म्हणाली, तेव्हा खालाला हसू आलं.

उरलेल्या दागिन्यांत पुष्कळांच्या कड्या तुटल्या होत्या, दाणे निघाले होते. मर्हूनच्या माणसांनी पोत्यात कोंबताना ते चेपवले होते. बाजारात राहिलेला एकच कारागीर म्हणाला, याला डाक देऊन सांधत बसायला वेळ कुणाला आहे, आटव आणि मोकळी हो. झुवैना घरी आली आणि तिनं बापाच्या दुकानाचं पुढचं दार उघडलं. अकरा वर्षांत ते उघडलं नव्हतं. भात्याचं चामडं फाटलं होतं, ते तिनं शिवलं. कोळसे पेटवले. पहिल्या दिवशी दोन कड्या जळाल्या आणि बोटही भाजलं. चौथ्या दिवशी डाक बसला.

आठवड्यानं हमूद दारात उभा होता. रस्त्यावर पाच-सहा माणसं थांबून आत बघत होती.

"झुवैना, पुढचं दार तरी लाव. लोक काय बोलतायत ठाऊक आहे?"

तिनं तापलेला तोडा ऐरणीवर धरला, हातोडा मारला, पुन्हा मारला.

"त्यांना सांग, जरा मोठ्यानं बोला. इथे ठोक्याचा आवाज फार आहे."