ग्रीस भरून ढकललेले दिवस

तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे, चिखलात आणि धुळीत मी राहायचो. मी बॉल जॉइंट बोलतोय. पोलादी वाटीत बसलेली पोलादी गोळी, एवढंच माझं शरीर. चाक आणि त्याला धरून ठेवणारा आर्म यांची गाठ माझ्यामुळे टिकते. ही गाठ सुटली तर काय होतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून मी जन्मभर भीतच जगलो.

माझं रबरी टोपण शाबूत होतं तोवर भीतीही जरा डुलकी काढायची. पण पहिल्या मालकाने गाडी रस्त्यावर कमी आणि खड्ड्यांत जास्त चालवली. टोपण फाटलं, आत पाणी आणि वाळू शिरली. मग त्याने गाडी विकून टाकली.

दुसरं घर चांगलं मिळालं. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, त्यामुळे स्वतःच्या हातांवर त्याचा भारी विश्वास. बायको नर्स. डोंगरावरच्या घरातून खालच्या दवाखान्यात गाडी तीच चालवत न्यायची.

गाडी खडखडू लागली, तेव्हा गॅरेजवाल्याने पुढचं सगळंच बदलायला सांगितलं. नवरा घरी येऊन म्हणाला की म्हाताऱ्याला सर्दी झाली म्हणून कोणी अख्खा म्हातारा बदलत नाही. त्याने अंगणात गाडी उचलली, खाली लाकडी ठोकळे लावले. हात खरंच सोन्याचा. अख्खा आर्म विकत न घेता त्याने त्याच्या सांध्यांतली झिजलेली रबरी नळकांडी, म्हणजे बुश, तेवढे काढले आणि शिकंज्यात दाबून नवे बसवले. ते काम अजून टिकून आहे.

मग तो माझ्यापाशी आला. पहार घालून त्याने मला उचकटून पाहिलं आणि मी हललो. थोडासाच, पण हललो. त्यानेही पाहिलं. त्याचा हात क्षणभर थांबला. मला वाटलं, आता आपली सुटका झाली. पण त्याने मला रॉकेलने पुसलं, ग्रीस भरलं, नवं टोपण चढवलं.

"अजून वर्षभर मरण नाही याला," तो बायकोला म्हणाला.

बाहेरून मी नवरदेवासारखा सजलो होतो. पण ग्रीसने झीज भरून येत नाही हो, नुसता आवाज दबतो. आणि तोही थोडे दिवस. पुढे प्रत्येक वळणावर माझी गोळी वाटीच्या काठाशी यायची आणि टक करून परत आत बसायची. मी ओरडतच होतो म्हणा ना. बायकोने गाणी मोठ्याने लावायला सुरुवात केली.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडवायला सून त्यांना घेऊन निघाली. डोकं दुखतंय म्हणून सासूबाईंनी गाणी लावू दिली नाहीत. उतार सुरू झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा आणि खाली दरी. वाटीचा काठ माझ्या गोळीवरून निसटत चालला होता. मी जीव मुठीत धरून होतो.

"गाडी थांबव गं. माझ्या पायाखाली काहीतरी सुटतंय," सासूबाई म्हणाल्या.

उतार संपला की थांबू, असं सुनेने सांगितलं.

"डोळ्याला पट्टी आहे, कानाला नाही. आत्ता थांबव."

सुनेने वेग कमी केला आणि कडेच्या मोकळ्या जागेकडे गाडी वळवली. त्या वळणातच मी सुटलो. चाक बाहेर पडून आडवं झालं, गाडीचं नाक जमिनीवर आदळलं, खरडत गेलं आणि कठड्याच्या अलीकडे थांबलं. मागून आलेला ट्रक हॉर्न देत निघून गेला. सासूबाई चाचपडत सुनेचा हात शोधत होत्या. तो स्टिअरिंगवरून सुटत नव्हता.

नवरा आला. गुडघ्यांवर बसून त्याने पाहिलं, वाटी एकीकडे, गोळी दुसरीकडे. त्याने कठड्याकडे पाहिलं आणि तो तिथेच खाली बसला.

"हलताना दिसलं होतं मला," तो बायकोला म्हणाला.

माझ्या जागी नवा जॉइंट आला. उजव्या चाकात माझा जुळा भाऊ होता, एकाच दिवशी घडलेला. त्याचा आवाज येत नाही, तो घट्ट असेल, पुढे बघू, असं नवऱ्याचं मत पडलं. बायकोने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"तो काढून माझ्यासमोर ठेव. मग मी बसेन."

त्याने भावाला काढून माझ्याशेजारी ठेवलं. टोपण उघडलं तर आतून गंजाचा चुरा सांडला. वाटीला गोल तडा गेला होता. माझी निदान टकटक तरी होत होती. तो बिचारा शेवटपर्यंत गप्प होता.

आता आम्ही दोघं अंगणातल्या डब्यात भंगारवाल्याची वाट बघतोय. भीती संपायला हवी होती, पण रस्त्याने एखादी जुनी गाडी गेली की मी अजून कान टवकारतो. आवाज आला तर धस्स होतं, नाही आला तर जास्तच.

स्वस्तात दुरुस्ती करा, जरूर करा. बुश स्वतः दाबा, नट स्वतः आवळा. फक्त चाक उचलून एकदा मला हलवून बघा. आणि मी हललो, तर माझ्यावर दया करू नका.