संघप्रियाची प्रयोगवही

मित्रांनो, माझी पाने पिवळी पडली आहेत, पण शाई अजून ठळक आहे. मी नवी मुंबईतल्या एका विद्यापीठातली जुनी प्रयोगवही. तीस वर्षांपूर्वी संघप्रियाने मला विकत घेतले, तेव्हा मी कोरी करकरीत होते. तिचे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामगार होते. कोपरखैरण्यातल्या त्यांच्या बौद्ध वस्तीतून विज्ञानाच्या प्रयोगशाळेत पोहोचलेली ती पहिली मुलगी.

खाऱ्या जमिनीत भाताचे रोप तगवणारा जिवाणू तिला शोधायचा होता. त्यासाठी ती उरणच्या मिठागरांतली माती आणत असे. वर्गातले काहीजण तिला 'कोट्यातली' म्हणत. ती वाद घालत नसे. प्रत्येक निरीक्षण तारीख-वेळेसह माझ्यात लिहीत असे. अखेर जिवाणू सापडला, त्या दिवशी तिने ओळीखाली दोनदा रेघ ओढली.

पण छापील शोधनिबंधावर फक्त तिच्या मार्गदर्शकांचे नाव आले. संघप्रियाला आभारात 'मदतनीस' म्हटले होते. ती फार दुखावली, पण खचली नाही. पुढे महापेच्या एका प्रयोगशाळेत ती वरिष्ठ शास्त्रज्ञ झाली. मी मात्र कपाटात धूळ खात पडले.

गेल्या वर्षी कपाटे रिकामी झाली आणि मी रद्दीच्या ढिगात गेले. तिथून मला क्रांतीने उचलले. छपाईला निघालेल्या विद्यापीठाच्या इतिहासग्रंथात दलित आणि बौद्ध शास्त्रज्ञांपैकी एकाचेही नाव नव्हते, म्हणून ही संशोधक विद्यार्थिनी त्यांच्या नोंदी गोळा करत होती. पुराव्याशिवाय नाव छापणार नाही, असे ग्रंथाचे संपादक वामन सरांनी तिला बजावले होते.

माझ्या पहिल्या पानावरचे नाव वाचून ती मला घेऊन संघप्रियाताईंच्या घरी गेली.

"मॅडम, हे अक्षर तुमचंच ना?"

ताईंनी माझ्यावरून हात फिरवला. "माझंच. पण माझ्या एकटीचं लिहू नकोस. रोपं आमच्या प्रयोगशाळेतल्या धम्मपालने वाढवली, मोजमापं तिथल्याच पुतळाने घेतली. दोघांच्या सह्या आहेत बघ आत."

क्रांतीने त्या दोघांनाही शोधून काढले आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. मग मला वामन सरांपुढे ठेवले. त्यांनी शोधनिबंधाची तारीख माझ्या तारखेशी ताडून पाहिली. मी पाच महिने आधीची होते.

"छपाई थांबवा," ते म्हणाले. "हा शोध या तिघांचा आहे."

ग्रंथात नवे प्रकरण आले. प्रकाशनाच्या दिवशी ते तिघे पहिल्या रांगेत बसले होते. आज मी ग्रंथालयात काचेआड आहे आणि विद्यार्थी मला वाचायला थांबतात.

मित्रांनो, जुनी वही रद्दीत देण्याआधी एकदा उघडा. आत कुणाचे नाव आहे, ते मोठ्याने वाचा.