मागच्या भिंतीचे दोन आवाज

"आता कुठून आला?" बूथच्या खिडकीची काच सरकवून ऑपरेटरनं खाली ओरडून विचारलं.

"डावीकडून!" रिकाम्या थिएटरात मधल्या रांगेत बसलेल्या तिकीटबाईंनी उत्तर दिलं.

"आणि हा?"

"हापण डावीकडूनच!"

ऑपरेटरनं कपाळावर हात मारला. सकाळपासून तो मागच्या भिंतीच्या फळ्यांआड सरपटत होता. डोक्यापासून पायापर्यंत जळमटं, आणि इतक्या खटाटोपानंतर उजवीकडचा भोंगा डावीकडून वाजतोय म्हणजे काय! कुठंतरी वायरींची अदलाबदल झाली असणार. तो परत फळीमागे शिरला.

हल्लीचे सिनेमे आठ वेगवेगळे आवाज घेऊन यायचे. तीन पडद्यामागचे, एक नुसता धडधडीचा, दोन बाजूच्या भिंतींचे आणि हे शेवटचे दोन मागच्या भिंतीचे. थिएटरची यंत्रणा जुनी, तिला सहाच आवाज पेलायचे. मग ऑपरेटरनं ते जास्तीचे दोन कित्येक वर्षं बाजूच्या आवाजांत मिसळून चालवून घेतले होते. पोरकी मुलं शेजाऱ्याच्या ताटात जेवायला बसवावीत तसे. पोट भरायचं, पण ताट आपलं नव्हतं. पडद्यावरचा माणूस हाक ऐकून मागे वळायचा आणि हाक मात्र यायची भिंतीवरच्या पंख्याच्या बाजूनं. प्रेक्षकांपैकी एकानंही कधी तक्रार केली नाही. ऑपरेटरला मात्र दर वेळी दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

शेवटी बंद पडलेल्या एका थिएटरातून त्या दोन आवाजांसाठी दोन अॅम्प्लिफायर मिळाले. मॅनेजर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बसवा सावकाश. कोण मरतंय त्याच्यावाचून?"

"नाही, आजच," ऑपरेटर म्हणाला. का ते त्यानं सांगितलं नाही.

उद्यापासून तिकिटाची खिडकी बंद होणार होती. लोक फोनवरच तिकिटं काढायला लागले होते. बाई संध्याकाळी मुलाच्या गावी जाणार, त्या कायमच्याच. उभा जन्म थिएटरात काढून त्यांनी एक सिनेमा सलग पाहिला नव्हता. इकडे खेळ सुरू झाला की तिकडे पुढच्या खेळाची रांग लागायची. आज शेवटच्या दिवशी मॅनेजरनंच सांगितलं होतं, "बाई, दुपारचा खेळ बसून बघा. खिडकी मी सांभाळतो." बाई बघणार तो खेळ लंगडा नको, एवढंच ऑपरेटरच्या मनात होतं.

त्यानं वायरी उलट्यासुलट्या केल्या, वर येऊन पुन्हा उजवीकडचा आवाज सोडला. नळ पूर्ण सोडल्यासारखा फुसफुसाट थिएटरात भरला.

"आता?"

बाईंनी जरा वेळ घेतला. "डावीकडून," त्या म्हणाल्या, पण या वेळी आवाजात चोरटेपणा होता.

ऑपरेटर आवाज तसाच चालू ठेवून जिना उतरला. त्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला आणि बघतच राहिला. फुसफुसाट डावीकडूनच येत होता. म्हणजे मघाशी वायरी बरोबर होत्या, त्यानंच आता चुकवल्या होत्या. तो पळत फळीमागे शिरला, वायरी पूर्ववत केल्या, पळत परत आला. धाप लागली होती.

"बाई, हा बघा, स्पष्ट उजवीकडून येतोय. मागे, त्या कोपऱ्यातून. थट्टा करताय का गरिबाची?"

बाईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. "आवाज येतो हो मला. कुठून येतो ते कळत नाही."

"म्हणजे?"

"उजवा कान कामाचा नाही माझा. लहानपणी ताप आला होता, तो जाताना कान घेऊन गेला. एका कानानं सगळं एकाच बाजूला ऐकू येतं."

"मग सकाळीच नाही का सांगायचं?"

"तुम्ही इतक्या हौसेनं बोलावलंत. म्हटलं, अंदाजानं सांगू काहीतरी. निम्मे तरी बरोबर येतील."

ऑपरेटरला हसू फुटलं. त्याला हसताना बघून बाईही पदर तोंडाला लावून हसल्या. दोघं त्या फुसफुसाटात कितीतरी वेळ हसत राहिली.

"आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

"येऊ दिलं तर ना! खिडकीच्या भोकाला डावा कान. चालताना माणूस डाव्या हाताला घ्यायचा. नवरा गेल्यावर नोकरी मागायला आले, तेव्हा एका कानानं बहिरी आहे म्हटलं असतं तर उभं तरी केलं असतं का कुणी? मग तीच सवय लागली. वाईट तेव्हाच वाटतं, कुणी उजवीकडून काही बोलतं आणि उत्तर न मिळाल्यानं रागावून जातं."

ऑपरेटरचं हसू जागच्या जागी थांबलं.

कित्येक वर्षांपूर्वीचा तो रस्ता त्याला जसाच्या तसा दिसला. बाईंचा मुलगा तेव्हा शाळेत होता. रस्ता डाव्या बाजूनं खणून ठेवलेला, मातीचे ढिगारे, म्हणून तो बाईंच्या उजवीकडून चालत होता. शेजारून गाड्या भोंगे वाजवत चालल्या होत्या. महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य त्यानं एका दमात म्हणून टाकलं होतं. बाई समोर बघत चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलाचे बूट घ्यायचेत, मी इथून वळते."

त्यानं तेच उत्तर धरलं. अब्रूदार बाईनं नकार द्यायचा तो असाच, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुढे वहिनीनं दोन स्थळं आणली, त्यानं होकार दिला नाही. वहिनी म्हणायची, "भाऊजी, तुमचं लग्न त्या मशीनशी लागलंय." तोही हसून हो म्हणायचा. बाईंशी बोलणं चालूच होतं. नमस्कार, कसे आहात, आज गर्दी बरी आहे. फक्त त्यांच्याबरोबर चालत जाणं त्यानं सोडलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

ऑपरेटर वळसा घालून त्यांच्या डावीकडे आला. खुर्चीवर बसला.

"एकदा रस्ता खणला होता, आठवतं? आपण स्टॉपपर्यंत चालत गेलो होतो. तुम्हाला मुलाचे बूट घ्यायचे होते."

"त्यानंतरच तुम्ही बरोबर यायचे बंद झालात. मी मनाला लावून घेतलं होतं. म्हटलं, माझं काय चुकलं?"

"मी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं तेव्हा."

"काय?"

तो हातांवरचं जळमट काढत राहिला. "लग्नाचं विचारलं होतं. मुलाला माझं नाव लावीन, म्हटलं होतं."

मागचा भोंगा एकसारखा फुसफुसत होता. बाईंनी डोळे मिटले नाहीत की पुसले नाहीत. समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसल्या.

"तेव्हा मी नाहीच म्हटलं असतं बहुतेक," त्या म्हणाल्या. "सासू होती, लोक होते. हिंमत नव्हती." "पण ऐकायला आवडलं असतं."

ऑपरेटरनं मान डोलावली. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"आता नका विचारू. मुलानं खोली रंगवून ठेवलीय. नातीला सांगून झालंय, आजी येतेय म्हणून."

"नाही विचारत," तो म्हणाला.

बाहेर लोक जमायला लागले होते, दाराशी गलका ऐकू येत होता. ऑपरेटर उठला. "तुम्ही मधे नका बसू. त्या उजव्या भिंतीला लागून कडेची खुर्ची घ्या. म्हणजे सगळं थिएटर तुमच्या चांगल्या कानाच्या बाजूला येईल."

"आणि मागचे ते तुमचे दोन?"

"ते थोडे चढवतो आज. बाकीच्यांनी सहन करावं."

खेळ सुरू झाला. सिनेमा तसा बेताचाच होता. मध्यंतरानंतर एक मुलगी माळरानावरून एकटी चालत निघते आणि तिच्या पाठीमागे वारा उठतो, असा प्रसंग आला. मागच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांतून तो वारा पहिल्यांदाच खराखुरा मागून आला आणि डोक्यांवरून पडद्याकडे गेला. मधल्या रांगांतली माणसं वळून बघायला लागली. एक मूल तर खुर्चीवर उभंच राहिलं.

बाई वळल्या नव्हत्या. वारा कुठून आला ते त्यांना कळणार कसं? पण शेजारचे सगळे मागे बघताहेत हे दिसल्यावर त्याही वळल्या. आधी मागची भिंत, मग हळूहळू मान उचलत वर, बूथच्या खिडकीकडे.

खेळ चालू असताना बूथमध्ये दिवा लावायचा नसतो. उजेड खाली उतरतो आणि पडदा फिका पडतो. ऑपरेटरनं उभ्या आयुष्यात तो लावला नव्हता. त्यानं भिंतीवरचं बटण चाचपलं, दाबलं आणि जळमटांनी माखलेला तसाच खिडकीत उभा राहिला.

खाली कुणीतरी ओरडलं, "ओ, लाइट!"

बाई बघत होत्या. त्यांचं बघून झाल्यावर त्या पडद्याकडे वळल्या. मग त्यानं दिवा मालवला.