लच्छूची फिरकी

सावली गावच्या वाचनालयात लहानूभाऊंनी सारी नोकरी पुस्तकं देण्याघेण्यात काढली होती, म्हणून गावाचा समज होता की त्यांना सगळं ठाऊक असतं. खुद्द लहानूभाऊंना मात्र तशी खात्री कधीच नव्हती. कोणी काही विचारलं की ते आधी चष्मा पुसत आणि मग उत्तराला 'बहुधा' जोडत.

गिरजाबाईंनी टेबलावर पितळी फिरकी ठेवली तेव्हाही त्यांनी चष्मा पुसला. मुठीएवढी फिरकी, बाजूला फिरवायची दांडी. मासे धरायच्या गरीचा, म्हणजे गळाचा, दोर गुंडाळायची वस्तू. शहरात हिला रीळ म्हणतात. वाचनालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि हिच्याखाली काय लिहायचं ते लहानूभाऊंनी सांगायचं होतं.

"त्यात पाहाचं काय?" वाचनालयाचे अध्यक्ष भैयाजी म्हणाले. "इंग्रज साहेबाची विलायती रीळ. लच्छूनं शिकारीच्या कॅम्पातून उचलली. साऱ्या गावाले माहीत हाय."

"माह्या बानं चोरी नाई केली!" गिरजाबाईंचा आवाज चढला. "बा मरेपर्यंत म्हने, मी सोता बनवली. भाऊ, तुमी पाहून सांगा. चोराची पोरगी म्हनून मी लय ऐकलं. आता पाटी लागली तं नातवंडंबी तेच वाचतीन."

लहानूभाऊंनी होती नव्हती ती पुस्तकं काढली, फोनवर विलायती रिळांची चित्रं पाहिली. प्रत्येक चित्र थोडं जुळे आणि थोडं जुळत नसे. फिरकीवर कंपनीचं नाव नव्हतं, नंबर नव्हता, शिक्का नव्हता. असलाच तर तो कधीच झिजून गेला असणार, कारण गिरजाबाईंकडे दर दिवाळीला ती देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासली जाई. जुळत नाही म्हणजे आपल्यालाच कळत नाही, असं धरून त्यांनी पाटीवर 'विलायती' एवढं लिहूनही टाकलं. मग हात थांबला. चिंचेचा हात आत कुठं पोचतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पेचकस आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन गिरजाबाईंच्या अंगणात हजर झाले. गंमत पाहायला भैयाजीही आले. गिरजाबाईंची म्हातारी आई, सोमारीबाई, उन्हात लाखोळीची डाळ निवडत बसली होती.

"पाणी दे त्याहिले," ती लेकीला म्हणाली. "गडव्यानं देल्लं असतं, पर माह्या आंदनाचा पितळी गडवा नणंदेनं नेला."

"माय, किती वर्सं तेच!"

"नेला तं नेला म्हनीन!"

लहानूभाऊंनी फिरकीच्या पेचात तेल सोडलं. वस्तू मोडू नये म्हणून पेचकस अगदी हलका लावला. पेच कुरकुरला, फिरला, आणि बाजूची चकती सुटून मांडीवर पडली. आतून ती काळीकुट्ट होती. धोतराच्या सोग्यानं पुसताच ठिपके दिसले. लग्नातल्या भांड्यांवर ठोकून नाव घालतात, तसे. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"सोमारी हीस मा... पुढचं कापलं गेलंय."

सोमारीबाईंच्या हातचं सूप खाली आलं. "मामाकडून! माह्या मामानं देल्लेला गडवा! मेल्यानं माहा गडवा कापला!"

गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, ते कळेना.

"म्हंजे चोरी तं झालीच ना, काकू," भैयाजी म्हणाले.

"झाली! पर माह्या घरची झाली. तुले काय करायचं हाय?" म्हातारीनं फिरकी ओढून घेतली, दांडी फिरवून पाहिली. ती सुरेख फिरली. "हात चांगला होता मेल्याचा," ती हळूच म्हणाली. मग बराच वेळ बोटानं ठिपके चाचपत राहिली. "गिरजे, नागभीडले तुह्या आत्याले फोन लाव."

"काय सांगू?"

"जेवाले ये म्हन. गडव्याचं मीच सांगन."

लहानूभाऊंनी तिथंच बसून नवी पाटी लिहिली: 'गरीची फिरकी. घडवणारा लच्छू, सावली. पितळ सोमारीबाईंच्या गडव्याचं.'

भैयाजींनी खांद्यावरून डोकावून वाचलं. "भाऊ, तुमचं ते 'बहुधा' कुठी गेलं?"

"या वेळी नाही लागलं," लहानूभाऊ म्हणाले, आणि चष्म्याकडे गेलेला हात त्यांनी तसाच खाली आणला.

"माहं नाव वर लिवा," सोमारीबाई म्हणाली. "पितळ माहं हाय."