खालचा सूर

दुबईच्या करामा भागातल्या भाजीच्या दुकानात अळूची शेवटची जुडी उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक माझा, दुसरा माझ्या दुप्पट रुंद असलेल्या एका बाईचा. तिने कानावर पांढरं फूल खोचलं होतं. फुलाला भुलणारी मी नव्हे. "भैया, ये मैंने पहले पकडा है!" मी ओरडले. माझा आवाज मुळातच घोगरा आणि जाड आहे. फोनवर कस्टमर केअरची मुलं मला हमखास 'सर' म्हणतात.

ती बाई मात्र खूश झाली. जुडी माझ्या पिशवीत घालत ती इंग्रजीत म्हणाली, "अळू तू ने. मला तुझा आवाज दे."

ही लोसा. सामोआ बेटांवरची, इथे एका शाळेत पी.टी. शिकवणारी. त्यांच्याकडेही अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवतात, म्हणून ती करामात येई. पॅसिफिक बेटांवरून आलेली मंडळी दर थंडीत दुबईत एक महोत्सव करतात, त्यात सगळ्यांचा मिळून एक कॉयर, म्हणजे गायकवृंद, गातो. बायकांमधला खालचा सूर धरणाऱ्या दोघी नर्सेस काँट्रॅक्ट संपल्यावर मायदेशी परतल्या होत्या. उरली एकटी लोसा. तिला जाड आवाजाची बाई हवी होती.

मला तिथेच, भेंडीच्या ढिगासमोर, भरून आलं. आमच्या मंडळात आरतीला उभी राहिले की कुणीतरी येऊन सांगतं, "अपर्णाताई, तुम्ही आपल्या झांजा घ्या." ओरडून सांगितलं असतं तर भांडले तरी असते. प्रेमाने सांगतात, म्हणून जास्त लागतं.

घरी सांगितल्यावर माझा नवरा मुरलीधर म्हणाला, "अगं, पण तुझा त्या लोकांशी काय संबंध? वीकेंडला जरा रेस्ट घे ना."

"मॉम, दॅट्स सो रँडम," अस्मी म्हणाली. आमची लेक दुबईतच वाढली. मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र निघत नाही.

मी गेले.

एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असे. कॉयर बसवणारा तवीता पूर्वी रग्बी खेळायचा. अंगाने दरवाजाएवढा, बोलणं अगदी हळू. कागद नाही, पेटी नाही. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि शेजारणीकडून सूर उचलायचा. होडीतून घराकडे निघालेल्या माणसांचं गाणं होतं. शब्द मी चटकन पाठ केले. घोडं अडलं पुढे.

वरच्या बायका मूळ चाल गायच्या आणि लोसा नि मी त्याच वेळी, त्याच शब्दांवर, खाली वेगळंच काहीतरी. दोन ओळी मी नीट गायचे आणि तिसरीला नकळत वर, चालीत जाऊन मिसळायचे. आमच्याकडे शंभर माणसं आरती म्हणतात ती एकाच चालीत. बाकीच्यांपेक्षा वेगळं काही आपल्या तोंडून निघालं तर आपण चुकलो, गुपचूप त्यांच्यात जायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पन्नाशीत कानाला वेगळं वळण लावायचं म्हणजे खायचं काम नाही. शिवाय मी घसरले की माझ्या दणदणीत आवाजाने लोसालाही ओढून न्यायची.

मग मी एका कानात बोट घालून गायला लागले. तवीताने ते बोट हळूच काढलं. "त्यांना ऐकायचं नाही, असं करून चालणार नाही," तो म्हणाला. "त्यांचं ऐक आणि तरी तुझ्या जागेवर राहा."

ऐकलं की घसरत होते. शेवटी एका तालमीनंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अपर्णा, महोत्सवाच्या दिवशी तू फक्त ओठ हलव. लोसा सांभाळेल."

इथेही झांजाच! डोळ्यांत पाणी आलं, पण त्याहून जास्त राग आला. "ओठ हलवणार नाही," मी म्हणाले. "गाईन, नाहीतर स्टेजवर चढणार नाही."

तवीताने मान डोलावली. "ठीक. मग उद्यापासून वरच्या बायकांच्या मधोमध उभी राहा. तिथे टिकलीस तर कुठेही टिकशील."

मी पदर खोचला. साडी नव्हती, पण खोचला म्हणायचा. हॉलमध्ये चारी बाजूंनी मूळ चाल अंगावर यायची आणि मी मध्ये उभी राहून माझं तेवढं गायचे. घसरले की पुन्हा. घरी अस्मीला कामाला लावलं. मी पोळ्या लाटत खालचा सूर धरायचा आणि तिने माझ्या कानाशी मूळ चाल म्हणायची. "मॉम, यू आर डूइंग इट अगेन!" ती वैतागायची. एक आवाज पुरेना म्हणून मुरलीधरलाही ओढला. आधी कुरकुरला, मग त्यालाच चेव चढला. "यल्ला, चला, फिरसे पहिल्यापासून!" असं तो सोफ्यावरून ओरडायचा. पोळ्या करपल्या, शेजारच्यांनी भिंत ठोकली, पण मी हटले नाही. हळूहळू तिसरी ओळ टिकायला लागली. मग कडवं टिकलं. तवीताने मला परत लोसाशेजारी उभं केलं.

महोत्सवाच्या दिवशी लोसाने मला त्यांचा पोशाख नेसवला, लांब ब्लाउज नि खाली लुंगीसारखा गुंडाळलेला स्कर्ट. आम्ही अनवाणी स्टेजवर चढलो. माइक नव्हतेच. समोर मैदानभर माणसं चटया टाकून बसलेली. पहिलं कडवं ठीक गेलं.

दुसऱ्या कडव्याला सगळं मैदान गायला लागलं.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यात ओळखीचं गाणं नुसतं ऐकत बसत नाहीत. बायका, पोरं, म्हातारे, खाण्याच्या स्टॉलमागचे लोकसुद्धा उभे राहून छाती भरून गात होते आणि सगळे मूळ चाल. पुढच्याच रांगेत माझा नवरा नि माझी लेक, दोघंही मूळ चालच, घसा फोडून. घरात मीच शिकवलेली! सगळं मैदान एकीकडे आणि आम्ही दोघी एकीकडे.

तेवढ्यात माझ्या डावीकडचा आवाज थांबला.

लोसा रडत होती. तिची आई गेली तेव्हा तिला वेळेवर पोचता आलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. इतकी माणसं एकदम तिच्या घराकडे निघालेली ऐकून तिचा बांध फुटला असणार. आता खाली मी एकटी. वर जाणं किती सोपं होतं! कुणाला कळलंही नसतं. पण मी गेले असते तर रडून झाल्यावर तिला परत यायला जागाच उरली नसती.

मी तिचा हात घट्ट धरला आणि गायले. माझ्या जाड, घोगऱ्या आवाजात, होता तेवढा सगळा लावून. मैदानाचं गाणं ऐकत राहिले आणि जागची हलले नाही. तिसरी ओळ गेली. चौथी गेली.

मग लोसाने ओलं तोंड माझ्या खांद्याशी आणलं. कान लावून ऐकलं, एकदा चाचपडली, आणि माझ्याकडून सूर उचलून गायला लागली. आजवर माझा आवाज ऐकून सूर धरायला इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं.