राजकुमारीची चाल

"कडेची खुर्ची मला द्या बाबा," मुलगी म्हणाली, आणि रबरराव निमूटपणे आत सरकले. दुपारच्या खेळाला थिएटर अर्धंअधिक भरलं होतं, त्यात निम्मी लेकरं. पडद्यावर अजून जाहिरातीच चालल्या होत्या.

रबरराव हे त्यांना स्टुडिओत पडलेलं नाव. काढायचे कमी आणि खोडायचे जास्त, म्हणून. कार्टूनचे सिनेमे हातांनी काढले जायचे, त्या काळात एका राजकुमारीच्या सिनेमापायी त्यांनी डोळे फोडून घेतले होते. आता तोच सिनेमा खरी माणसं घेऊन नव्याने काढला होता. हल्ली ही टूमच निघाली आहे. शिळ्या कढीला ऊत आणायचा आणि वर विचारायचं, ताजी आहे की नाही? रबरराव असल्या सिनेमांच्या नावाने नाक मुरडत. हा मात्र त्यांना बघायचा होता, कारण यात त्यांची बायको दिसण्याची शक्यता होती.

त्याचं असं झालं होतं. राजकुमारी जिना उतरून येते, तो प्रसंग रबररावांच्या वाट्याला आला होता. मनासारखं चालणं जमेना, तेव्हा त्यांनी बायकोला घरात इकडून तिकडे चालायला लावलं आणि समोर बसून रेघोट्या ओढल्या. ती वैतागली, हसली, पण चालली. त्यावरून काढलेली चित्रं पडद्यावर लावून पाहिली, तर मुख्य चित्रकार भडकले.

"अहो रबरराव, ही लंगडतेय. एका पावलाला चित्रं जास्त, दुसऱ्याला कमी. लक्ष कुठं होतं?"

रबरराव चाटच पडले. बायकोचा एक पाय जन्मापासून आखूड होता. त्यात लपवाछपवी काही नव्हती, सगळं सांगूनसवरून लग्न झालं होतं. पण संसारात ते त्यांना दिसेनासंच झालं होतं. बाईमाणूस असंच चालतं, असं त्यांच्या हाताने धरून टाकलं होतं. ते खोडायला बसणार, तेवढ्यात मुख्य चित्रकारांनीच तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. शेवटी म्हणाले, राहू द्या, बरी दिसते. लोकांना ती नुसती बरी दिसली नाही, लोक खुळावले. राजकुमारी डुलत डुलत उतरते, वळणावर भिंतीला बोटं टेकवते, आणि घरोघरच्या पोरी आरशासमोर तशा चालून बघू लागल्या.

मुलगी तेव्हा शाळेत जात होती. आईचा पाय तिच्याही नशिबी आला होता आणि वर्गातल्या मुली तिला नको नको ती नावं ठेवायच्या. सिनेमा आला आणि त्याच मुली मधल्या सुट्टीत तिच्या मागे मागे चालून तिची चाल शिकू लागल्या. तेव्हापासून तिने मान वर केली ती पुन्हा खाली घातलीच नाही. आता ती बालवर्गाला शिकवत होती. दरवर्षी मुलांना जुना सिनेमा दाखवायची आणि मुलं तिला राजकुमारीबाई म्हणायची. शुक्रवारी शाळा तिच्या वर्गाला हा नवा सिनेमा दाखवणार होती. बाईंची राजकुमारी खरी झाली म्हणून मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. त्याआधी बाबांना दाखवावा, म्हणून ती आज त्यांना घेऊन आली होती.

बायको जाऊन काही वर्षं झाली होती. तिचे फोटो होते, पण फोटोत ती सगळीकडे उभी. चालत होती ती फक्त त्या सिनेमात, आणि तिथेही रेघांची. हाडामांसाच्या पायांवर ती चाल एकदा बघावी, एवढीच म्हाताऱ्याची हाव होती.

जिना आला. नटी देखणी होती. ती झरझर, सरळ, दोन्ही पावलं सारखी टाकत उतरली. रबरराव खुर्चीत मागे टेकले.

"असू द्या," मुलगी कानाशी म्हणाली. "सगळ्यांना कुठं जमतं?"

मध्यंतरानंतर एक अंधारा बुरूज आला. आधी नुसती पावलं दिसली. एक लांब, एक तोकडं. मग वळणावर भिंतीला टेकलेली बोटं. मग खांद्याचा तो हेलकावा. रबरराव पुढे झुकले. आली, ते मनात म्हणाले. एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. हे ज्या कोणी बसवलं होतं, त्याने जुनी चित्रं एकेक करून पाहिली असणार. सुखाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग कॅमेरा वर चढला आणि चेटकिणीचं तोंड दिसलं.

पोरं आधी किंचाळली. मग पुढच्या रांगेतल्या कोणीतरी एक पाय आपटून तिची नक्कल केली आणि सगळं थिएटर हसलं. पडद्यावर राजकुमारी तिच्या सखीला सांगत होती की पावलं ऐक, पावलांवरून चेटकीण ओळखू येते. त्यानंतर ती पावलं वाजली की पोरं आपापल्या जागेवरून साथ देऊ लागली. रबररावांनी मुलीकडे पाहिलं नाही. आपण क्षणभर का होईना खूश झालो होतो, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

दिवे लागले. लोक उठले. मुलगी उठली नाही.

"गर्दी जाऊ दे," ती म्हणाली. गर्दी जवळजवळ सगळी गेली, तरी ती बसून होती. "तुम्ही रडत होतात. आई दिसली ना?"

"हो."

"मलाही दिसली."

रबररावांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "शुक्रवारी पोरांना आणू नकोस."

"मी नाही आणलं तर आईबाप आणतील." ती रिकाम्या पडद्याकडे बघत होती. "आपल्या जुन्या सिनेमातली चेटकीण कशी चालायची हो?"

"तिला पाय काढलेच नव्हते. नुसता लांब झगा. पाय काढायला वेळ फार जातो."

यावर ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती उठली. दाराशी एक बाई वाकून आपल्या चिमुरडीच्या बुटाची नाडी बांधत होती. यांच्या पावलांचा आवाज ऐकून चिमुरडीने मान वळवली. तशी मुलीने बापाचा दंड घट्ट धरला. जिने आईचंसुद्धा बोट लवकर सोडलं होतं, ती.

"बाबांचा पाय दुखतोय," ती त्या बाईला म्हणाली. कोणी काही विचारलं नव्हतं.

रबरराव लगेच लंगडू लागले. ते त्यांना नीट जमत नव्हतं, पण दाराबाहेर पडेपर्यंत त्यांनी निभावून नेलं.