पेटीतली शंभराची नोट

वडलांची तेरवी उरकली, पाहुणे पांगले, तेव्हा कडूबानं त्यांची पत्र्याची पेटी उघडली. धोतरं, चष्मा, जुने सातबारे. आणि तळाशी, पंचांगाच्या पानांत, निजामाच्या राज्यातली शंभर रुपयांची नोट. आजोबांनी जालन्याच्या बाजारात बैल विकून आणलेली. तिच्याबद्दल कडूबानं ऐकलं होतं, पाहिली कधी नव्हती.

धाकटी बहीण बना दारात आली. "भाऊ, काही निघालं काय पेटीत?"

"काय निघते? कपडे अन् कागदं," तो तिच्याकडे सरळ बघत म्हणाला. नोट तोवर बंडीच्या खिशात गेली होती.

वडलांना आजारपणात अख्खं वर्ष बनानं उंद्रीला आपल्या घरी ठेवलं होतं. त्यांचं हगणंमुतणं तिनं केलं. कडूबा मोताळ्याहून महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन जायचा. हे सगळं त्याला माहीत होतं, म्हणूनच नोट खिशात जड लागत होती. बनाचे फोन यायचे, तो उचलायचा नाही. पेटीबद्दल विचारलं तर काय सांगायचं?

दोन आठवड्यांनी तो खामगावला गेला. वाहेदभाईंचं जुन्या नाण्या-नोटांचं छोटं दुकान होतं. त्यांनी चिमट्यानं नोट धरली, भिंगातून नंबर वाचला आणि वही काढली.

"एकटीचे वीस हजार देतो. पण मागच्या हप्त्यात उंद्रीची एक बाई आली होती. तिच्या नोटीचा नंबर हिच्या अगदी आधीचा. दोन्ही संग असल्या तर साठ देतो."

कडूबानं विचारलं, "विकली काय तिनं?"

"नाही. म्हणे, जोडीची नोट भावाकडे हाय, त्याले विचारल्याबिगर विकणार नाही. भाऊ फोनच उचलत नाही, म्हणत होती."

तो दुकानातून उतरला तो थेट उंद्रीच्या गाडीत बसला. बना अंगणात सोयाबीन पाखडत होती. त्यानं नोट तिच्यापुढं धरली.

बनानं सूप खाली ठेवलं. "बैलाच्या दोन नोटा होत्या. बाबानं जायच्या आधी एक मले देली. म्हणे, दुसरी पेटीत हाय, ते कडूबाची."

"म्हंजे ही..."

"तुहीच होती, भाऊ. मी त्या दिवशी तेच सांगाले आली होती. मंग काऊन लपवली?"

तो खाली मान घालून सांडलेलं सोयाबीन सुपात भरू लागला. बना आत गेली, चहा करून आणला. रडली नाही, भांडलीही नाही. ती भांडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं.

पुढच्या सोमवारी दोघांनी जोडी विकली. पैसे अर्धे अर्धे झाले. कडूबा आपला वाटाही देऊ लागला, पण बनानं हात मागं घेतला.

सणावाराला येणं-जाणं आजही आहे. बना त्याला वाढते, आग्रह करते. फक्त एक झालं. "जेवला काय? तब्येत बरी हाय ना?" असं साधंच विचारते, तो "हाव" म्हणतो, आणि ती, खरं बोलतो का हे बघावं तशी, क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहते.